हंटरवाली आणि तिचे चाहते

श्रोतेहो, कोणत्याही गावातल्या शाळेत जा. तिथे एखाद्या बाई कडक असल्या, त्यांचे पाऊल वर्गात पडताच पोरांची कुजबुज थांबत असली, की मुलांनी त्यांचे नाव ठेवलेच म्हणून समजा. ते नाव म्हणजे हंटरवाली! ज्या बाईंना ते मिळते त्यांना ते फारसे आवडत नसावे. पण त्यांनी रागावू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या मुलांनी हे नाव ठेवले त्यांना हंटरवाली कोण होती हे ठाऊक नाही, त्यांच्या वडिलांनाही बहुधा ठाऊक नाही. ती एका बोलपटाची नायिका होती आणि तो बोलपट १९३५ साली मुंबईत लागला. नव्वद वर्षे उलटली तरी तिचे नाव वऱ्हाडातल्या खेड्यातल्या पोराच्या तोंडी आहे. आमच्या पुष्कळ नामवंत ग्रंथांना एवढे आयुष्य लाभलेले नाही. तेव्हा हा मान थोडका नव्हे.

आज मला तुमच्याशी या हंटरवालीविषयी, तिच्या बोलपटांच्या लांबलचक मालिकेविषयी आणि मुख्य म्हणजे तिच्या चाहत्यांविषयी बोलायचे आहे. मी स्वतः त्या चाहत्यांपैकी एक आहे हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात कविता आणि नाटके शिकवणारा माणूस देमार बोलपटांवर काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण आवड ही चीज पदवी पाहून येत नाही. आणि आवडीतून माणूस काय शिकतो, हा प्रश्न तर सरळ सरळ शिक्षकाच्याच कक्षेतला आहे.

आधी ती कोण, ते सांगतो. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ साली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी. वडील ब्रिटिश फौजेत शिपाई, आई ग्रीक वंशाची. लहानपणीच ती हिंदुस्थानात आली. वडील पहिल्या महायुद्धात पडले. पुढे काही वर्षे ती पेशावरकडे राहिली आणि तिथे घोड्यावर बसणे, शिकार करणे या गोष्टी शिकली. मुंबईत परतल्यावर तिने दुकानात विक्रेतीची नोकरी केली, नाच शिकला, सर्कशीतही काम केले. 'नादिया' हे नाव तिने याच काळात घेतले. म्हणजे पाहा, घोडा, नाच आणि सर्कस हे तिन्ही हातात घेऊनच ती बोलपटाच्या दारात उभी राहिली.

हे दार उघडले ते जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्यातले हे दोघे भाऊ. घरच्या मंडळींच्या दृष्टीने सिनेमा हा काही सभ्य धंदा नव्हता. तरीही १९३३ साली त्यांनी 'वाडिया मूव्हीटोन' ही कंपनी काढली. अमेरिकेतल्या डग्लस फेअरबँक्सचा 'मार्क ऑफ झोरो' हा १९२० सालचा मूकपट जमशेदजींचा भारी आवडता. तोंडावर मुखवटा घालून जुलमी अधिकाऱ्यांना झोडपणारा, गरिबांचा कैवार घेणारा तो नायक. त्यांनी मनाशी म्हटले असेल, आपल्याकडे हेच काम एखाद्या बाईने केले तर?

नादियाला कंपनीत घेतले तेव्हाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांना ही गोरी, निळ्या डोळ्यांची बाई आपली वाटावी म्हणून तिने 'नंदादेवी' असे नाव घ्यावे आणि काळ्या केसांचा टोप लावून लांब वेणी सोडावी, असे जमशेदजींनी सुचवले. तिने साफ नकार दिला. मी देवी नव्हे, आणि नादिया हे नाव चांगले आहे, असा तिचा पवित्रा. जमशेदजींनी ते मानले. पुढे जे घडले त्यावरून दिसते की प्रेक्षकांना वेणी नको होती, त्यांना मनगट हवे होते.

'हंटरवाली'ची कथा अगदी साधी. राजाला कैदेत टाकून दुष्ट वजीर राज्य बळकावतो. राजकन्या माधुरी दिवसा राजकन्या असते आणि वेळ आली की मुखवटा चढवून, हातात हंटर घेऊन, घोड्यावर स्वार होऊन गोरगरिबांच्या मदतीला धावते. या बोलपटाला त्या काळचे सुमारे ८०,००० रुपये लागले. ही मोठी रक्कम होती. चित्र तयार झाले, पण ते घ्यायला वितरक पुढे येईनात. बाई पुरुषांना बदडते हे कोण पाहणार, अशी त्यांना शंका. शेवटी वाडियांनी बिलिमोरिया यांच्या साथीने ते स्वतःच लावले. चित्र पंचवीस आठवड्यांहून अधिक चालले. तिच्या नावाचे पट्टे, चाबूक, काडेपेट्या बाजारात आल्या. घोड्यावरून येताना ती जी 'हे ऽ ऽ य' अशी आरोळी देई, ती गल्लीबोळांतली पोरे देऊ लागली.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, त्या पोरांपैकी एक. यात्रेतल्या तंबूत त्यांनी तिचे खेळ पाहिले. त्यांना नादिया हे नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. ते म्हणायचे, "बाई नोती थे, वाघीन होती वाघीन!" मग ती माणसाला दोन्ही हातांवर तोलून डोक्यावर कसे उचलते आणि भिरकावून देते, हे ते उशी घेऊन आम्हाला करून दाखवीत. आमची आजी कपाळाला हात लावी. उशीतला कापूस बिचारा पुष्कळदा बाहेर आला.

आता मालिकेकडे वळू. 'हंटरवाली'च्या यशानंतर एकामागून एक बोलपट आले. १९३६ साली 'मिस फ्रंटियर मेल', १९३८ साली 'लुटारू ललना', १९३९ साली 'पंजाब मेल', १९४० साली 'डायमंड क्वीन', १९४२ साली 'जंगल प्रिन्सेस'. मग होमी वाडियांनी 'बसंत पिक्चर्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि १९४३ साली 'हंटरवाली की बेटी' आणला. शेवटचा 'खिलाडी' १९६८ साली. तेव्हा नादिया साठ वर्षांची होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तेहतीस वर्षांची ही वाटचाल आहे. कथा बदलत, नावे बदलत, पण घराणे एकच. तिच्याबरोबर बहुतेक वेळा तीच मंडळी असत. पिळदार शरीराचा जॉन कावस, आधीच्या बोलपटांत बोमन श्रॉफ, खलनायकीला सयानी आतिश. घोड्याचे नाव 'पंजाब का बेटा', कुत्र्याचे नाव 'गनबोट', आणि मोटारीलाही नाव होते, 'रोल्स रॉयस की बेटी'! पडद्यावर घोडा आला की टाळ्या पडत. तो घोडा त्या प्रेक्षकांच्या घरचा झाला होता.

पुष्कळ शहाणी माणसे इथे नाक मुरडतात. म्हणतात, सगळे बोलपट सारखेच. एक पाहिला की दहा पाहिल्यासारखे. श्रोतेहो, मी तुम्हाला विचारतो, कीर्तनातले आख्यान तुम्ही पहिल्यांदा ऐकत असता काय? हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे ठाऊक नसलेला माणूस देवळात बसलेला असतो काय? सर्वांना सर्व ठाऊक असते. तरी माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसतात, कारण या बुवांनी तो प्रसंग कसा उभा केला, मागच्या वर्षीच्या बुवांनी कसा केला होता, हे त्यांना पाहायचे असते. कथा ठाऊक असली की लक्ष कथनाकडे जाते. मालिकेचा चाहता हेच करतो. वजीर शेवटी मार खाणार हे त्याला पक्के ठाऊक आहे. या खेपेला तो कसा खाणार, मागच्यापेक्षा सरस की निरस, हे पाहायला तो आलेला असतो. एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहणारा माणूस नकळत तुलना शिकतो, आणि तुलना हे पारख करण्याचे पहिले पाऊल आहे. आज मला मुख्य सांगायचे आहे ते हेच.

पारख कशाची, ते उदाहरणाने सांगतो. 'मिस फ्रंटियर मेल' हा बोलपट आज घरबसल्या पाहता येतो. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या नामांकित गाडीचे नाव नायिकेला मिळाले आहे. तिचे वडील स्टेशनमास्तर. त्यांच्यावर खुनाचा खोटा आळ येतो. आगगाडीचे पूल उडवून रेल्वेचे नुकसान करायचे आणि विमान कंपनीचे भले करायचे, असा एका मुखवटेधारी बदमाशाचा डाव असतो. नादिया वडिलांवरचा आळ दूर करायला निघते आणि धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते.

हा टपावरचा प्रसंग अकोटकडच्या माणसाला अधिक कळतो, असे मला उगीच वाटते. अकोल्याहून अकोटवरून खांडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मेळघाटात धूळघाटाजवळ ती डोंगर चढताना वेटोळे घेई, आणि खिडकीतून आपलाच खालचा रूळ दिसे. ती वाट २०१७ च्या आरंभी बंद झाली. अकोला ते अकोट या टप्प्यावर मोठ्या रुळांची गाडी २०२२ साली सुरू झाली. त्या लहान गाडीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला डबा कसा हिसके देतो हे अंगाने माहीत आहे. म्हणून डब्याच्या टपावर एक बाई उभी राहून माणूस उचलते, तेव्हा त्याला भीती म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही.

यात युक्ती नव्हती काय? होती. त्या काळी मारामारीची दृश्ये घेताना कॅमेऱ्याची गती कमी ठेवीत. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. चित्रण करताना सेकंदाला सोळा-अठराच घेतली, तर पडद्यावर तीच हालचाल दीडपट जलद दिसते. हळू चाललेली गाडी वेगात धावते, सावकाश मारलेला ठोसा विजेसारखा बसतो. पण टपावर चढून उभे राहायचे, तोल सांभाळायचा, माणूस खांद्यावर घ्यायचा, हे काम खरेच करावे लागे. नादिया ही कामे स्वतः करी, आपल्या जागी दुसऱ्याला उभे करीत नसे. तिच्या चाहत्यांना हे ठाऊक होते. दिवसभर नांगर धरलेला, पोती उचललेला माणूस पडद्यावरचे वजन ओळखतो. पोते भरलेले आहे की भुस्साचे, हे त्याला एका नजरेत कळते. या बाबतीत त्याला फसवणे कठीण.

तरीही या बोलपटांची आणि त्यांच्या प्रेक्षकांची हेटाळणीच झाली. 'स्टंटपट', 'देमारपट', 'पिटातली करमणूक' हे शब्द पाहा, सगळ्यांत तुच्छता आहे. १९३६ साल मी मुद्दाम आठवतो. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. तो पुढे व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला आणि आजही थोर मानला जातो. त्याबद्दल वाद नाही. पण वऱ्हाडातल्या यात्रेच्या तंबूत जो शेतकरी 'तुकाराम' पाहून डोळे पुशीत असे, तोच दुसऱ्या खेपेला हंटरवालीला शिटी मारीत असे. आमच्या आबांनी दोन्ही पाहिले होते आणि दोन्हींविषयी ते तितक्याच मनापासून बोलत. त्यांच्या मनात दोन कप्पे नव्हते. कप्पे आपण शिकलेल्यांनी पाडले.

आणखी एक गंमत ऐका. परळला वाडियांच्या ज्या आवारात नादियाने गुंडांना लोळवले, तेच आवार १९४२ साली व्ही. शांताराम यांच्याकडे आले आणि तिथे 'राजकमल कलामंदिर' उभे राहिले. 'शकुंतला' आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हे बोलपट त्याच राजकमलचे. जमीन एकच. एका वेळी तिच्यावर देमार उगवला, दुसऱ्या वेळी कला उगवली. जमिनीने काही भेद केला नाही.

देमार बोलपटांशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळातले तलवारबहाद्दर नायक होते. त्यांना हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक तेच. पुढे मास्टर भगवान आले. गिरणीकामगाराचा हा मुलगा. १९३८ पासून दहाबारा वर्षे त्यांनी थोडक्या भांडवलावर मारामारीचे बोलपट काढले, तेही मुख्यतः गिरणगावातल्या कामगारांसाठी. १९५१ साली 'अलबेला' आला तेव्हा शिष्ट मंडळींना त्यांची ओळख झाली. कामगारांना ती आधीच होती.

आता कुणी विचारील, या बोलपटांतून प्रेक्षकाला मिळाले काय? निव्वळ ठोसे? पारतंत्र्याच्या काळात सेन्सॉरची कात्री फार कडक होती. स्वराज्य हा शब्द पडद्यावर उघड उच्चारण्याची सोय नव्हती. पण दुष्ट वजिराने राज्य बळकावले आहे आणि रयत गांजली आहे, एवढे दाखवले की प्रेक्षकाला वजीर कोण ते सांगावे लागत नसे. जमशेदजी स्वतः राजकारणात रस घेणारे होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी म्हणून ते ओळखले जात. बायकांनी मान खाली घालून राहू नये, हे त्यांच्या बोलपटांतून उघड दिसते. १९३६ साली एक बाई तुमान घालून, मोटार हाकून, बापावरचा खोटा आळ स्वतः धुऊन काढते! त्या काळी आमच्या खेड्यांत मुलीला चौथीपुढे शाळेत धाडायचे की नाही यावर घरोघर खल होत असे. तंबूत कनातीपलीकडे बसलेल्या बायकांच्या मनात ते पाहून काय आले असेल, हे कुणी लिहून ठेवले नाही. पण माझी आजी, जी उशी फाटली म्हणून आबांवर चिडे, तीही गोष्टीच्या शेवटी हळूच विचारी, "मंग थ्या वजिराले सोडलं का तिनं?" उत्तर तिला ठाऊक होते. तिला ते पुन्हा ऐकायचे असे.

आणि चाहते काही फक्त अडाणी नव्हते, बरे का. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, कन्नड नाटककार गिरीश कार्नाड यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 'तुघलक' आणि 'हयवदन' लिहिणाऱ्या या मोठ्या लेखकाने १९८० साली नादियावर एक लेख लिहिला आणि तिच्या आरोळीशी जडलेले आपले बालपण त्यात जागवले. त्या आवडीने त्यांचे लेखन बिघडले नाही, हे तर उघडच आहे.

श्रोतेहो, आता आजच्या पोरांकडे येतो. आज तंबू नाहीत. तंबू खिशात आला आहे. आमच्या तालुक्यातली मुले हिंदीत उतरवलेले परदेशी चित्रपट फोनवर पाहतात. १९६२ पासून २०२१ पर्यंत पंचवीस भाग झालेला जेम्स बाँड, १९९६ पासून २०२५ पर्यंत आठ भाग झालेले 'मिशन इम्पॉसिबल', अशा मालिका त्यांना तोंडपाठ असतात. या दुसऱ्या मालिकेतला नायक टॉम क्रूझ अवघड कामे शक्यतो स्वतः करतो, आणि साठीला आला तरी तो गाडीच्या टपावर चढतोच. हे पाहिले की मला हंटरवाली आठवते. टपही तोच, वयही तेच!

अकोट तालुक्यातल्या एका शाळेत मी एकदा व्याख्यानाला गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. मुलांकडून जप्त केलेल्या वस्तूंचे कपाट तिथे होते. भोवरे, गोट्या, मोबाईल आणि एक शंभर पानी वही. नववीतल्या एका मुलाची ती वही वर्गात सापडली म्हणून काढून घेतलेली. मी ती चाळली. प्रत्येक पानावर रकाने आखलेले. चित्रपट कितवा, साल, खलनायक, सर्वांत अवघड काम, दहापैकी गुण आणि शेवटचा रकाना : कारण.

तो शेवटचा रकाना ऐकण्यासारखा आहे. पहिल्या भागातल्या गाडीच्या टपावरच्या मारामारीपुढे त्याने लिहिले होते, 'गाडी खोटी वाटते, वारा खरा वाटतो.' दुसऱ्या भागाला चार गुण, कारण 'मारामारी सुंदर आहे पण भीती वाटत नाही.' सहाव्याला साडेनऊ, कारण 'उडी मारताना पाय खरंच मोडला, तरी उठून पळतो, ते तसंच ठेवलं.' सातव्यापुढे, 'पूल तुटतो तेव्हा इंजिन खरं पाडलं आहे, म्हणून अंगावर येतं.'

मी मराठी वाङ्मय शिकवतो. 'मारामारी सुंदर आहे पण भीती वाटत नाही' हे वाक्य माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने एखाद्या नाटकाविषयी लिहिले असते तर मी त्याला वर्गात उभे करून त्याची पाठ थोपटली असती. यात निरीक्षण आहे, तुलना आहे आणि निर्णयाला कारण दिले आहे. परीक्षण यापेक्षा निराळे काय असते? त्याच मुलाची निबंधाची वहीही मी मागून पाहिली. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध गाईडातून उतरवलेला. शब्दन् शब्द दुसऱ्याचा. त्याला दहापैकी सहा गुण. ज्या वहीत मुलगा स्वतः विचार करीत होता ती कपाटात, आणि ज्या वहीत तो विचार करीत नव्हता ती टेबलावर तपासून ठेवलेली.

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी लगेच मुलाला बोलावले आणि वही परत देऊ केली. मुलगा दारात उभा राहिला, वहीकडे पाहिले आणि म्हणाला, "राहू द्या सर, आता मी नाई लिहत थे." वही कपाटात गेल्याला वर्ष होऊन गेले होते. सवय मोडली होती. आणि आठवा भाग त्याने पाहिला होता की नाही, हे विचारायचेही कुणाला सुचले नाही. पोरगा निघून गेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, पोरे असल्या करामती पाहून माडीवरून उड्या मारतात, चालत्या गाडीच्या दारात लोंबकळून फोनवर चित्र काढतात, हातपाय मोडून घेतात. ही भीती खोटी नाही. मुलांचे जीव त्यात गेले आहेत. पण माझा अनुभव असा, की नुसत्या मनाईने हे थांबत नाही. करामत कशी बनते ते कळले की थांबते. कॅमेऱ्याची गती कमी ठेवण्याची युक्ती वर्गात सांगा. उडीखाली गाद्यांचे थर असतात, कमरेला दोर असतो आणि तो मागाहून चित्रातून पुसून टाकतात, हे सांगा. एका मिनिटाच्या दृश्यासाठी महिनोन् महिने तालीम करतात, एवढे करूनही नटाचा घोटा मोडतो, हे सांगा. त्या वहीतल्या मुलाला हे सारे ठाऊक होते. तो उड्या मारणारा नव्हता, रकाने आखणारा होता.

दुसरे म्हणणे असे, की यात वेळ फार जातो. जातो खरा. पण मुलगा पाहतो ते पाहतोच. प्रश्न एवढाच, की पाहिल्यावर त्याला कुणी काही विचारते की नाही. तेव्हा माझी एक छोटी सूचना आहे. महिन्यातून एक तास द्या. ज्याला जी मालिका आवडते तिच्यातले दोन भाग घ्यायचे, कोणता सरस ते सांगायचे आणि कारण द्यायचे. मारामारीचा चित्रपट असो, गोष्टींची पुस्तके असोत, गावातली भजनी मंडळे असोत नाहीतर कुस्तीची दंगल असो. अट एकच. 'छान आहे', 'मस्त आहे' एवढ्यावर सोडायचे नाही. छान का, ते सांगितलेच पाहिजे. मुलींनाही विचारा. त्यांना हे चित्रपट आवडत नाहीत असा आपला समज आहे, आणि तो आपण कधी तपासून पाहिलेला नाही. जो विद्यार्थी दोन मारामाऱ्यांतला फरक नेमक्या शब्दांत सांगू शकतो, तो उद्या दोन कवितांतला सांगेल. आणखी काही वर्षांनी दोन उमेदवारांच्या भाषणांतलाही सांगेल. त्याची तर आपल्याला फारच गरज आहे.

खेड्यातल्या आईबापांनाही दोन शब्द. मुलगा जेवताना एखाद्या चित्रपटाची गोष्ट सांगू लागला तर "पुरे झालं तुझं" म्हणून त्याला गप्प करू नका. "मागच्यापेक्षा बरा होता का रे?" एवढेच विचारा. एका प्रश्नाने किती काम होते ते पाहाल. आमच्या आबांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पण कोणत्या बोलपटातली घोड्याची दौड खरी आणि कोणत्यातली ओढूनताणून आणलेली, हे ते असे समजावून सांगत की आम्ही नातवंडे घास हातात धरून ऐकत राहायचो. पुढे कॉलेजात समीक्षेची पुस्तके माझ्या हाती आली, तेव्हा त्यांतली निम्मी गोष्ट मला ओळखीची वाटली.

नादियाने १९६१ साली होमी वाडियांशी लग्न केले. १९९३ साली जमशेदजींचे नातू रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला आणि एका नव्या पिढीला ती पुन्हा भेटली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस होऊन एक दिवस झाला असता, ती मुंबईत वारली. तिचे बरेच बोलपट आज मिळत नाहीत. जे मिळतात त्यांत फिल्म झिजलेली आहे, आवाज खरखरतो, आणि टपावरून फेकलेला गुंड कधी कधी जमिनीवर पोचण्याआधीच दृश्य तुटते. तरी पाहा. मुलांना जवळ बसवून पाहा. ती हसतील, कारण त्यांना आजच्या करामतींची सवय आहे. हसू द्या. मग विचारा, हसू का आले? यातले खोटे काय आणि खरे काय?

आणि ते उत्तर देतील ते एका वहीत लिहून घ्या. ती वही मात्र कपाटात ठेवू नका.